शिट्ट्या मोजायच्या की मिनिटं? कुकर, भांडी आणि बोअरचं पाणी

टिळकवाडी_कट्टा
कुकरबद्दलचं सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. पाककृती नकोत, त्या ढिगाने आहेत. इथे फक्त भांडं, आच, पाणी आणि बिघाड. सुरुवात या प्रश्नाने: "तूरडाळीला चार शिट्ट्या, हरभऱ्याला सहा" असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. मग तोच कुकर मोठ्या बर्नरवर ठेवला की चार शिट्ट्यांत डाळ कच्ची आणि लहान बर्नरवर चार शिट्ट्यांत गाळ, असं का? आणि नळाच्या पाण्यात मऊ होणारा हरभरा बोअरच्या पाण्यात टणक का राहतो?

शहापूर_भांडीदुरुस्ती
शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याचा आवाज, दुसरं काय नाही ओ. कुकरात दाब किती राहणार ते झाकणावरचं शिट्टीचं वजन ठरवतंय. घरगुती कुकरात तो साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतोय, बाहेरच्या हवेच्या वर. तेवढा दाब झाला की वजन उचलतंय, वाफ सोडतंय, परत बसतंय. गॅस ढणढण ठेवला तर वाफ जास्त होणार, शिट्ट्या भराभर होणार, खरं आतली उष्णता तेवढीच राहणार. म्हणजे मोठ्या आचेवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या आणि बारीक आचेवर पंधरा मिनिटांत चार शिट्ट्या. डाळ शिजायला मिनिटं लागतेत, शिट्ट्या लागत नाहीत.

आता आकडा बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी ९७–९८ अंशांलाच उकळतंय. पणजीत तेच १०० ला. कुकरात दोन्हीकडे ११९–१२० च्या आसपास. म्हणून उघड्यावर डाळ शिजवायला आपल्याकडे थोडा वेळ जास्त लागतोय, कुकरात तो फरक जवळजवळ निघून जातोय.

अनगोळ_वहिनी
काकांचं पटलं. पद्धत अशी ठेवा: पहिली शिट्टी होईपर्यंत मोठा गॅस, शिट्टी झाली की अगदी बारीक, आणि तिथून घड्याळ लावायचं. बारीक म्हणजे किती? वजन अधूनमधून हलावं, हळू सुस्कारे टाकावेत. पूर्णच गप्प झालं तर दाब उतरतोय, आच किंचित वाढवा.

तूरडाळ अर्धा तास भिजवून, वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी, १० मिनिटं. अख्खा मसूर दोन तास भिजवला तर ६–७ मिनिटं, त्याच्या पुढे गेला की साल सुटते आणि आमटी गढूळ होते. पावटा रात्रभर भिजवून ८–१०. हुलगे (कुळीथ) रात्रभर भिजवूनसुद्धा २०–२५, कढण काढायचं असेल तर पाणी चौपट घाला. काबुली हरभरा २०, देशी हरभरा २५ पर्यंत. मध्यम बटाटे अख्खे १०–१२. ब्रॉयलर कोंबडी ७–८ आणि जवारी (गावठी) कोंबडी तिच्या वयाप्रमाणे २० ते ३०, इथे नेमका आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

हे सगळं गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्यायचा, असं धरून. पाच लिटरचा अर्धा भरलेला कुकर उतरायला दहाएक मिनिटं घेतो आणि त्या वेळातही पदार्थ शिजतच असतो. घाईने वजन उचलून वाफ सोडणार असाल तर वरच्या वेळांत तीन-चार मिनिटं वाढवा.

खानापूरकर
वहिनी, भाताचं राहिलं. आमच्या तालुक्यात नवा तांदूळ आणि जुना तांदूळ यांचं पाणी एकच धरलं की खिचडी होते. नव्या तांदळाला (कापणीनंतर चार-सहा महिन्यांच्या आतला) वाटीला दीड, फार तर पावणेदोन वाट्या. वर्षभर मुरलेल्याला दोन, सोनामसुरीला सव्वादोनसुद्धा चालतं. बेळगाव बासमती नवा असेल तर दीडच्या वर जाऊ नका, वास राहील पण दाणा राहणार नाही. डब्यात लावत असाल तर पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ५–६ मिनिटं पुरे, थेट कुकरात असेल तर ३–४.

अनगोळ_वहिनी
बरोबर. आणि डब्यांच्या खाली पाणी घालायला विसरू नका. २० मिनिटांपर्यंतच्या शिजवणुकीला दीड ते दोन पेले, म्हणजे ३०० ते ४०० मिली. त्याच पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा पिळून झालेल्या लिंबाची साल टाका, अॅल्युमिनियमचं बूड आतून काळं पडत नाही.

हिंडलगा_नवीन
आमच्या कुकरला शिट्टीच होत नाही. रबर मागच्याच महिन्यात बदललंय. आता पूर्ण कुकर बदलायचा का?

शहापूर_भांडीदुरुस्ती
थांबा ओ ताई, एवढ्यात बदलू नका. पहिल्यांदा नुसत्या पाण्याची परीक्षा घ्या. दोन पेले पाणी, झाकण, वजन, मोठा गॅस. तीन किंवा पाच लिटरच्या कुकरला पाच-सात मिनिटांत शिट्टी व्हायला पाहिजे. झाली नाही तर वाफ कुठनं येतेय ते बघा.

कडेनं येत असेल तर रबर किंवा कड. रबर नवीन आहे म्हणता, खरं त्याच मॉडेलचं आहे का? "पाच लिटरचं द्या" म्हणून आणलेलं रबर दुसऱ्या कंपनीच्या पाच लिटरला बसल्यासारखं दिसतंय आणि वाफ सोडतंय. कुकरच्या बुडावर किंवा हँडलवर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतंय, त्याचा फोटो घेऊन दुकानात जा. रबर बरोबर असेल तर कड तपासा. कुकरच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून चारी बाजूंनी फिरवा. खालनं उजेड दिसला तिथं खड्डा आहे. हा खड्डा कशानं पडतोय सांगू? आमटी ढवळून झाली की पळी कुकरच्या कडेवर टकटक आपटतेत ना, त्यानं. बाहेरच्या झाकणाच्या कुकराला ही सवय फार वाईट. पळी हातावर झटका, नाहीतर शेजारी ताटलीत ठेवा.

वजनाच्या बुडातनं सारखी बारीक सूं येत असेल आणि दाब चढत नसेल तर वजन नीट बसलं नाही, नाहीतर वजन ज्याच्यावर बसतंय त्या नळीच्या तोंडावर घाण आहे. वजन काढून त्याचा आतला निमुळता भाग पुसा, नळीत जाड दोरा किंवा बारीक तार घालून साफ करा.

सेफ्टी वॉल्व्हमधनं येत असेल तर तो वॉल्व्ह गेला. दुरुस्ती नसते त्याला, नवाच घालायचा.

आणि कुठनंच वाफ येत नाही, वजन हलत नाही, खरं झाकण गरम आहे आणि आतनं उकळल्याचा आवाज येतोय, असं असेल तर हात लावू नका. गॅस बंद करा, लांब व्हा, अर्धा तास गार होऊ द्या. नळी बुजलेली असू शकते. ह्या एका गोष्टीत अंदाज करत बसू नका.

शेवटचं एक: बाहेरच्या झाकणाच्या कुकराला हँडलचे स्क्रू ढिले झाले की झाकण आणि बुडाची हँडलं एकावर एक नीट येत नाहीत, तिथनं पण वाफ जाते. स्क्रू ड्रायव्हरनं अर्धा फेरा. फुकटचं काम.

हिंडलगा_नवीन
पट्टी ठेवली. हँडलच्या डाव्या बाजूला उजेड दिसतोय.

शहापूर_भांडीदुरुस्ती
झालं की मग. थोडा असेल तर ठोकून सरळ होतोय, खरं घरात हातोडी घेऊ नका, अॅल्युमिनियम चिरतंय. दुकानात द्या. चीर दिसली तर मात्र ते भांडं भाजी चिरून ठेवायला वापरा.

चिक्कोडी_रेल्वेगेट
रबर फ्रीजरमध्ये ठेवलं की परत चांगलं होतं असं ऐकलं. तेल लावल्यानेही होतं म्हणतात.

शहापूर_भांडीदुरुस्ती
एखाद्या स्वयंपाकाला चालून जातंय, एवढंच. कडक झालेलं रबर परत मऊ होत नाही. ओढून सोडलं आणि मूळ मापाला आलं नाही, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, नुसत्या बोटालाही कडक लागलं, ह्या तिन्हीतलं एक असेल तर टाकून द्या. रोज वापर असेल तर वर्षातनं एकदा बदला. धुतल्यावर पुसून मोकळं टांगा. झाकणात बसवून, झाकण घट्ट लावून कुकर मांडणीवर ठेवू नका, रबर दबून राहतंय आणि वासही येतोय.

निपाणीकर_मसूर
बोअरच्या पाण्याचं मी सांगतो. कडधान्याच्या सालीत आणि पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं. जड पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला घट्ट बांधून ठेवतो, म्हणून दाणा फुगतो पण मऊ होत नाही. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते धरणाचं, तुलनेनं हलकं. आमच्याकडे चिक्कोडी, निपाणी, अथणी पट्ट्यात बोअरवर चालणाऱ्या घरांत हा त्रास जास्त.

उपाय क्रमाने सांगतो. पहिला, भिजवायचं पाणीसुद्धा नळाचं किंवा पिण्याचं घ्या. लोक शिजवताना चांगलं पाणी घालतात आणि रात्रभर भिजवतात बोअरमध्ये. तोवर कॅल्शियम सालीत गेलेला असतो. दुसरा, भिजवण्याच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ घाला आणि ते पाणी ओतून द्या. मिठातला सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतो, साल लवकर मऊ होते. "मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही" हे भिजवणीला लागू पडत नाही. तिसरा, आंबट नंतर. चिंच, टोमॅटो, आमसूल शिजल्यावरच. आंबटात पेक्टिन विरघळत नाही, मग दहा मिनिटांचा मसूर पंचवीस मिनिटं घेतो आणि दोष कुकरला.

खाण्याचा सोडा म्हणाल तर शेवटचा पर्याय. वाटीभर हरभऱ्याला चिमूटभर. जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाण्याचा लगदा होतो आणि बी-१ जीवनसत्त्व जातं.

अनगोळ_वहिनी
आणि दोन वर्षांपूर्वीचा हरभरा असेल तर वरचं काहीही करा, तो नाहीच शिजणार.

हुग्गीवाली
आता हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गूळ घातलेली खीर. खपली गहू कुकरात बिघडतो तो बहुतेक गुळामुळे. कांडून साल काढलेली खपली आठ तास भिजवा, वाटीला चार वाट्या पाणी, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ३०–३५ मिनिटं. दाब आपोआप उतरू द्या. दाणा बोटात दाबून बघा, आत पांढरा कण लागला तर परत दहा मिनिटं. पूर्ण मऊ झाल्यावरच गूळ. गूळ घातल्यावर गहू पुढे शिजत नाही, तिथल्या तिथे आवळतो. मग तास उकळला तरी दाताखाली येतो. गूळ घातल्यावर कुकर परत बंद करायचा नाही, पातेल्यात उघडं आटवायचं, नाहीतर बुडाला लागतं. दूध घालणार असाल तर गॅसवरून उतरवून, कोमट झाल्यावर, गूळ आणि गरम दूध एकत्र उकळलं की फाटतं. सुंठ, वेलची, खसखस त्याच्यानंतर.

कुकर निम्म्याच्या वर भरू नका, खपलीला फेस येतो.

टिळकवाडी_कट्टा
भरण्याचा नियम नक्की काय? दोन तृतीयांश की निम्मा?

अनगोळ_वहिनी
मांस, बटाटे, भाजी यांना पाण्यासकट दोन तृतीयांश. डाळ, तांदूळ, गहू, कडधान्य यांना पाण्यासकट निम्मा. ही फुगतात आणि फेस काढतात. फेस नळीत गेला की शिट्टीतून पिवळं पाणी उडतं, ओट्यावर राडा होतो. डाळीत चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद-हिंग घातला तर फेस बसतो. डाळीत स्टीलची वाटी ठेवण्याचा उपाय लोक सांगतात, थोडाफार उपयोग होतो, पण कुकर तीन चतुर्थांश भरलेला असेल तर वाटी काही करू शकत नाही. पावट्याच्या साली, अळूचे तुकडे, शेवया असल्या वस्तू नळीपाशी चिकटतात. त्या दिवशी कुकर कमी भरा.

चिक्कोडी_रेल्वेगेट
वजन हरवलं. बाजारात सुटं मिळालं, बसलंही. वापरू ना?

शहापूर_भांडीदुरुस्ती
त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं असेल तरच. हिशोब साधा आहे: दाब म्हणजे वजन भागिले नळीच्या भोकाचं क्षेत्रफळ. उदाहरणाला धरा की भोक ३ मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. १ किलोचा दाब ठेवायला साधारण ७० ग्रॅमचं वजन लागणार. तिथं ९० ग्रॅमचं बसवलं तर दाब सव्वा किलोच्या वर. उलट हेच ७० ग्रॅम साडेतीन मिलिमीटरच्या भोकावर ठेवलं तर पाऊण किलोही होत नाही, मग "कुकर जुना झाला, शिजत नाही". बसतंय म्हणून वापरायची वस्तू नाही ती.

सेफ्टी वॉल्व्हचं पण तसंच. त्यात कमी उष्णतेला वितळणारा धातू असतोय. पाणी संपून कुकर कोरडा झाला की तो वितळून वाफ बाहेर सोडतोय, म्हणजे त्यानं आपलं काम केलं. तो उडाला म्हणून एम-सील भरणं, स्क्रू बसवणं, असलं काम कोणी करून देतो म्हटलं तरी करून घेऊ नका. नवीन घालताना आधी कोरडं का झालं ते बघा.

नेहरूनगर_इंडक्शन
आतलं झाकण की बाहेरचं? स्टील की अॅल्युमिनियम? एकदाच सांगा.

शहापूर_भांडीदुरुस्ती
एकदाच सांगण्यासारखं नाही ते. हॉकिन्ससारखं आतनं बसणारं झाकण वाफेच्या दाबानंच कडेला घट्ट दाबलं जातंय, दाब असताना उघडायचा प्रयत्न केला तरी सुटत नाही. प्रेस्टीजच्या बाहेरच्या झाकणाच्या कुकरात झाकणाच्या कडेला एक खाच असते. नळी आणि वॉल्व्ह दोन्ही बुजले तर रबर त्या खाचेतनं बाहेर ढकललं जाऊन वाफ निघते. ती खाच भिंतीकडे ठेवा, आपल्याकडे नको. धुवायला, डबे काढायला बाहेरचं झाकण सोपं. ज्येष्ठांना तेच बरं पडतंय, आतलं झाकण तिरकं करून काढायला मनगट लागतंय. कुठलाही घ्या, आयएसआय खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून ती खूण सक्तीची आहे, आठवडी बाजारात बिनखुणेचा स्वस्त कुकर दिसला तर सोडून द्या.

अनगोळ_वहिनी
अॅल्युमिनियम लवकर तापतं, आच सगळीकडे पसरते, फोडणी कमी जळते. पण आंबट आमटी त्यात रात्रभर ठेवायची नाही, आणि धुण्याचा सोडा किंवा राखेने घासायचं नाही. आंबट आणि अल्कली दोन्हींनी बारीक खड्डे पडतात. स्टीलला हा त्रास नाही, पण नुसतं पातळ स्टील मध्यभागी जळतं. स्टील घ्यायचं तर सँडविच बूड (स्टीलच्या थरांमध्ये अॅल्युमिनियम) किंवा ट्रायप्लायच (सगळं भांडंच तसं तीन थरांचं).

निपाणीकर_मसूर
हार्ड अॅनोडाइज्डही बघा, आंबटाला अॅल्युमिनियमपेक्षा टिकाऊ. तो काळा-राखाडी थर म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, आपल्या यमनापूरला हिंडाल्कोत बॉक्साइटपासून जो अॅल्युमिना काढतात तोच पदार्थ. कठीण असतो, पण तारेच्या घासणीने आणि डिशवॉशरच्या पावडरीने उतरतो.

नेहरूनगर_इंडक्शन
इंडक्शनचं मी भरतो. बुडाला लोहचुंबक चिकटलं तर चालेल, नाहीतर नाही. साधं अॅल्युमिनियम चालत नाही. इंडक्शनवर कुकर फार लवकर दाबाला येतो, म्हणून पूर्ण ताकदीवर ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. १८००–२००० वॅटवर पहिली शिट्टी, मग ३००–४०० वर. कमी वॅटला बरेच इंडक्शन चुलाणे चालू-बंद होत राहतात, वजन गप्प-हलतं-गप्प असं वाटतं, ते चालतं.

बिलाचं: रोज एक तास सरासरी १००० वॅट धरलं तर महिन्याला ३० युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत वीज फुकट हे खरं, पण आपला हक्क २०२२–२३ च्या सरासरीवर १० टक्के (सरासरी ४८ युनिटांच्या आत असेल तर १० युनिट) एवढाच असतो. त्याच्या वरचे युनिट भरावे लागतात आणि २०० ओलांडले तर सगळं बिल. चुलाणा घेण्याआधी हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) बिलावरचा हक्काचा आकडा बघा.

खानापूरकर
भांड्यांचं थोडक्यात. खानापूरची मातीची भांडी गॅसवर चालतात, पण आधी दिवसभर पाण्यात भिजवा, मग तांदळाची पेज त्यात बारीक आचेवर उकळा. पेजेतलं स्टार्च बारीक छिद्रं भरतं. आच कायम मंद, खाली लोखंडी जाळी. तापलेल्यात गार पाणी नको, तडकतं. चकचकीत रंगीत लेप दिलेलं शोभेचं भांडं स्वयंपाकाला घेऊ नका, साधं लाल घ्या.

जोंधळ्याच्या भाकरीला लोखंडी खोलगट तवा, इंडक्शनवर तो नीट बसत नाही. बिडाचा तवा डोशाला चांगला, पण हातातून पडला किंवा तापलेला असताना गार पाणी पडलं तर फुटतो. दोन्ही धुऊन लगेच गॅसवर सुकवा, तेलाचं बोट फिरवा.

कल्हईच्या पितळी पातेल्यात आमटी बिनधास्त करा, फक्त रिकामं तापवू नका. कथील २३२ अंशांला वितळतं.

टिळकवाडी_कट्टा
नॉनस्टिक?

खानापूरकर
रिकामं तापवायचं नाही. २६० च्या वर लेप बिघडायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथे लवकर पोचतो. भाकरी त्यावर नकोच.

हिंडलगा_नवीन
दुकानातून कड सरळ करून आणली. पाण्याची परीक्षा घेतली, सहा मिनिटांत शिट्टी. आता वाफ कडेनं येत नाही, पण वजनाखालून थेंब थेंब पाणी गळतंय, शिट्टी व्हायच्या आधी.

शहापूर_भांडीदुरुस्ती
ते चालतंय ताई. वाफ गार वजनाला लागून पाणी होतंय. वजन तापलं की बंद होतंय. शिट्टी झाल्यावरही गळत राहिलं तर कुकर जास्त भरलाय. आणि झाकण लावायच्या आधी रोज एकदा नळी उजेडाकडे धरून आरपार बघत जा.